दिलीपचा डबा तिकडं उघडत नाही

आमचा शेजारी दिलीप लॅपटॉपले झापते, पण आदरानं. "अहो साहेब, म्या काय धाडलं अन् तुम्ही काय वाचलं?" अख्ख्या गल्लीले ऐकू जाते. चाळिशी उलटली, लग्न नाही. नोकरी पुण्याच्या कंपनीत, काम इथं आमच्या गावात, उंद्रीत, घरी बसून.

काम काय, तं आपल्या मशीननं दूरच्या मशीनले हाक मारून हुकूम सांगायचा. माहिती डब्यात भरून संगं धाडायची. इकडून तीन खणांचा डबा गेला, अन् तिकडच्यानं चार खणांचा समजून उघडला, की सारं अडलं. "जसं बांधलं तसंच सुटलं पाहिजे, काका." हे तो भाजीवालीलेही ऐकवते अन् लग्नातल्या नवरदेवालेही.

मले हे ठाऊक झालं ते माह्या बायकोमुळं, सुमनमुळं. डबा अडला की हा आमच्या ओट्यावर येऊन तिले सारं पहिल्यापासून सांगे. ती तुरीची डाळ निवडत ऐके. कळत काडीचं नव्हतं. सांगता सांगता त्याची चूक त्यालेच सापडे, अन् हा चपला टाकून घरी पळे. मंग ती हसे. मी वावरातून येऊन फाटकात उभा. माह्या बोलण्यावर ती तशी कधी हसली नाही. मले तं "जेवता का?" एवढंच.

"त्याचं काऊन ऐकतं? तुले काय समजते?" मी म्हणो.

"त्याले समजणारं नाही पाहिजे. बसणारं पाहिजे."

पोळ्याच्या आधी ती गेली. तेराव्याले हा माह्यापेक्षा जास्त रडला. बायको माही, अन् लोकं त्याच्या पाठीवर हात फिरवून राह्यले. तेव्हापासून म्या त्याच्यासंगं बोलणं टाकलं.

परवा सकाळी पाहतो, तं गडी लॅपटॉप घेऊन आमच्याच ओट्यावर एकटा बसून डब्याचं सांगून राह्यला. थांबे, पुन्हा सांगे. चूक काही सापडेना. मले पाहून उठला.

माह्याच्यानं राहवलं नाही. "तुह्यासंगं हसे ती. माह्यासंगं नाही हसली."

तो पाहतच राह्यला. "काकू? कधी? त्या तं डाळीतून मान वर करत नव्हत्या."

तेव्हा माह्या ध्यानात आलं. हा पळाल्यावरच ती हसे. अन् तेव्हा हा नसे. ओट्यावर ती, फाटकात मी, दोघंच.

दिलीपनं लॅपटॉप मिटला. "कशा हसायच्या हो, काका?"

"बस," म्या म्हटलं. "आधी पदर तोंडाले लावे."