दाजींची घुमणारी पेटी

आमचे दाजी पिकप चालवायचे ते रॉकेलच्या डब्यावर बसून. डबा आडवा, डब्यावर घडी केलेलं पोतं आणि पोत्यावर दाजी. ब्रेक दाबला की डबा पुढं सरकायचा, दाजींची छाती स्टेअरिंगला भेटायची आणि दाजी म्हणायचे, "ताब्यात हाय, ताब्यात हाय."

गाडीला सीट नव्हती असं नाही. मिलिटरीच्या लिलावातली गाडी ती. चांगली लांबरुंद, स्प्रिंगांची सीट होती. दाजींनी ती उपटून काढली. का, तर पेटी बसवायला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा नवरा. राहुरीच्या पलीकडं त्यांची वस्ती. वांगी, कोबी भरून नगरच्या मार्केटात न्यायचे. कामाला वाघ माणूस, पण गाण्याचं खूळ. तंबूतल्या सिनेमावाल्याकडनं त्यांनी परातीएवढा जुना स्पीकर पैदा केला, त्याला फळ्यांची पेटी स्वतः ठोकली, आत फाटक्या गोधड्या कोंबल्या. लग्नात लावतात तो कर्णा त्यांना मंजूर नव्हता.

"कर्णा नुसता केकाटतो, पाव्हनं. गानं कानानं ऐकायचं नसतं. पोटात घुमलं पायजे!"

सीटनंतर समोरच्या खणाचं झाकण गेलं, तिथं ॲम्प्लिफायर बसला. मग दारांची अस्तरं गेली, का तर "ती आवाज पितात." दाराच्या आतली धरायची मूठ गेली. ती कुणाचा आवाज पीत होती, देव जाणे. तबकडीचं यंत्र सायकलच्या ट्यूबांनी छताला टांगलेलं. खड्डा आला की गाणारी बाई उडी मारून पुढच्या कडव्यात जायची.

मला शरम वाटायची. मी शाळा दुसरीत सोडली, पण गावात माझ्या शब्दाशिवाय पान हलत नव्हतं. आणि बाजारच्या दिवशी लांबनं धम-धम ऐकू आलं की लोक म्हणायचे, "आलं बघा तुमचं दाजी!" मी लगेच कुणाच्या तरी पाटीवर वाकून मेथी निवडल्यागत करायचो. दाजींना बोलायची सोय नाही. घरच्या जावयाच्या पाया पडायचं असतं, कान धरायचा नसतो.

दुष्काळाच्या आधल्या साली माझ्या थोरल्या पोरीचं लग्न झालं. व्याही कर्जतकडचे, बोलायला तिखट. नवरी पाठवायला सांगितलेली जीप ऐनवेळी बंद पडली. मी कपाळाला हात लावतोय तोवर दाजी छाती काढून पुढं आले. "आपली गाडी हाय की!"

पोरीला शालूसकट पेटीवर बसवलं. नवरदेव शेजारी पोत्यांच्या थप्पीवर. शुभ प्रसंग म्हणून दाजींनी बटण दाबलं. धम्म! पोरगी वीतभर उडाली. नवरदेवाचा फेटा डोळ्यांवर आला. धरायला मूठ नव्हती, म्हणून त्यानं दाजींचं मुंडकं धरलं.

व्याही मोठ्यानं म्हणाले, "सीट इकून पेटी घेतली जनू! बरं हाय तुमच्याकडं, बसायचं न्हाई, नुसतं हादरायचं!"

सगळा मांडव हसला. मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिलो. जन्मात एवढी मान खाली घातली नव्हती. आक्का तेवढी हसली नाही. ती मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती. दिवसभर उभीच. पंगतीलासुद्धा बसली नाही. मला वाटलं, नवऱ्यापायी तिलाही तोंड लपवावंसं वाटत असेल. तसं लग्नाआधीच्या दिवाळीत भाऊबीजेलाही तिनं मला उभ्यानंच ओवाळलं होतं. तेव्हा मी मनात म्हणालो होतो, गाडीवाली झाली, आता भावापुढं गुडघा टेकायला जड जातंय.

पुढच्या बाजारच्या दिवशी मी सकाळीच दाजींच्या वस्तीवर गेलो. नात्याचा मान लई ठेवला, आता बास. एक तर पेटी निघेल, नाहीतर ती गाडी माझ्या दारात येणार नाही.

दाजी दारातच आडवे आले. "हितंच बसा की, पाव्हनं. आत धूर हाय."

"मला आक्काशी बोलायचंय," म्हणालो आणि त्यांना बाजूला सारून आत शिरलो.

आत चूल जमिनीवर नव्हती. मातीचा कमरेएवढा ओटा घालून त्यावर चढवली होती. ओट्यापुढं विटांच्या थरावर पिकपची सीट. दाराच्या अस्तरांच्या दोन उशा पाठीला. आणि आक्का तिच्यात तहसीलदारासारखी बसून भाकरी थापत होती. मला बघून तिनं शेजारच्या खांबाला हात घातला. खांबाला पिकपची मूठ ठोकलेली. मुठीला धरून, ओठ आवळून ती उठली.

"खुबा गेलाय रे माझा. खाली बसलं की उठता येत न्हाई."

"मला न्हाई सांगितलंस?"

"तू इचारलंस कवा?"

मी परत बाहेर आलो. दाजी चोरी सापडल्यागत उभे.

"गावात बोलू नका, पाव्हनं. बायकूच्या चुलीपुढं गाडीची सीट मांडली म्हनल्यावर चावडीवर माझी काय कळा ऱ्हाईल? आन तिला लंगडी म्हनतील, ते येगळंच. तिनं शपथ घातलीय."

"आन ती पेटी?"

"सीट काढल्यावर जागा रिकामी दिसायची. जो तो इचारायचा. कायतरी घालावंच लागलं." दाजी गाडीकडं बघत म्हणाले, "पर घुमती झकास!"

दुपारी ते मला सोडायला निघाले. मी पेटीवर बसलो. जी गाडी दारात नको म्हणून सांगायला आलो होतो, तिच्यात, भर बाजारातनं. मेथीवाल्यांपासून चहावाल्यांपर्यंत सगळे बघत होते.

"काय वो," एकजण ओरडला, "दाजीनं सीट कुठं घातली?"

"खुळ्यानं मोडीत घातली!" मी त्याच्याहून मोठ्यानं ओरडलो.

दाजींनी माझ्याकडं बघितलंही नाही. बटण दाबलं. पेटी धम्म झाली, बूड हादरलं, आणि मी धरायला हात दाराकडं नेला. मूठ तिथं नव्हती. मग दाजींचा खांदा धरला, तो घर येईपर्यंत सोडला नाही.