लोखंड आलं कुठून?

नालवाडीत कुणी कुणाला ‘तुझ्या डोक्यात काय दगड भरलेत?’ म्हटलं, की माझे शेजारी उमाटे मास्तर कुंपणावरून डोकं काढून ओरडत, “कोणता दगड? नाव सांग न बे त्याचं!” दगडाला नुसतं दगड म्हणणं हा अपमान होता. दगडाचा. भांडणारे मग आपलं भांडण सोडून मास्तरांवरच उखडत.

मास्तर वर्ध्याच्या कॉलेजात रसायन शिकवत. घरी एकच वेड. समुद्रपूरकडचा पांढुरका वाळूचा दगड आणायचा, पूड करून आम्लात शिजवायची, त्यात काय किती आहे ते मोजायचं आणि ही वाळू मुळात कोणत्या खडकाची झीज ते ठरवायचं. लोखंड जास्त निघालं तर आपला काळा खडक, कमी निघालं तर ग्रॅनाइट. “कळून उपयोग काय?” असं मी एकदा विचारलं. त्यांनी मला चहाच्या कपासकट बाहेर काढलं आणि मागून येऊन कप तेवढा हिसकावून नेला.

नागपूरचे एक प्रोफेसर त्यांना आपल्या प्रयोगशाळेत घेणार होते. त्यांच्यासमोर मास्तरांनी भर सभेत ठासून सांगितलं, “लोखंड भरपूर आहे. वाळू काळ्या खडकाचीच! माणूस खोटं बोलीन, दगड नाई बोलत.”

प्रोफेसर हसले. “अहो, काळा खडक तर या दगडाच्या वर पसरलाय, कितीतरी नंतरचा. बापाच्या आधी लेक जन्मला का?” सगळे खदखदले. “लोखंड आलं कुठून ते सांगा, मग जागेचं बघू.”

मास्तरांनी घर डोक्यावर घेतलं. आम्ल बदललं, पाणी बदललं, काचेची भांडी आपटली.

एका दुपारी मी गेलो, तर कॉलेजातून लवकर परतलेले मास्तर मागच्या दारात थबकलेले. आत त्यांची थोरली विधवा बहीण, गंगाबाई, आमच्याकडे पाठ करून मिरच्या कुटायच्या लोखंडी खलबत्त्यात दगड कुटत होती. मास्तर पूड अकिकाच्या, म्हणजे गारेसारख्या टणक दगडाच्या, खलात करत. लोखंड लागू द्यायचं नाही हा पहिला नियम. पण घोटून घोटून त्यांचं मनगट सुजे आणि ते तिला बघवेना. म्हणून ते कॉलेजात गेले की ती गुपचूप पूड करून त्यांच्या बरणीत भर घाली.

आता स्फोट होणार, असं मला वाटलं. मास्तरांनी मला ओढतच अंगणात नेलं.

भडकलो मीच. “कळवा ना नागपूरला! तुमची चूकच नाही!”

“त्यानं चारचौघांत माह्यं हसं केलं. आता बाईचं करू देऊ? आन् तिले समजलं का आपल्या हातानं भावाची नागपूरची जागा अडली, त काय वाटंल तिले?”

प्रोफेसरांना त्यांनी सांगितलं, “तोलताना माझीच चूक झाली.” जागा दुसऱ्याला गेली. माझा संताप अजून गेलेला नाही.

पुढे ते दर रविवारी बहिणीपुढे मुद्दाम थोडे दगड ठेवत. “बाई, कुटून ठेवजो वं. हात लय दुखून राह्यला.” तीही खुशीत कुटायला बसे. आणि कामाचा दगड घेऊन मास्तर माझ्या ओट्यावर येत, सुजलेल्या मनगटाने अकिकाच्या खलात घोटत बसत. मी हू की चू केलं, की खेकसत, “हळू बोल न बे! बाई आयकंल.”