हनीफभाईंची शोधाशोध

शमीमभाभी मंगळवारी वारल्या. शुक्रवारी हनीफभाईंनी फोटो-छपाईचं दुकान उघडलं आणि कॉम्प्युटरमधले फोल्डर मोडले.

मोडले म्हणजे एकेक फोल्डर उघडला, आतल्या फायली बाहेर काढल्या आणि सगळ्या एका जागी ओतल्या. लग्नपत्रिका, बियाण्यांची पत्रकं, बारशाची आमंत्रणं, मंडळांचे बॅनर, श्रद्धांजल्या, पासपोर्ट फोटो. संग्रामपुरात त्यांच्या दुकानाची आणि आमच्या वाचनालयाची भिंत एकच. मी तिथला ग्रंथपाल. भेटायला म्हणून गेलो, तर हनीफभाई पडद्याकडे बघत बसले होते आणि पडद्यावर बाजाराच्या दिवसाची गर्दी उभी होती.

"हे काय केलं, हनीफभाई?"

"भिंती पाडल्या सर. आता झडती घ्याले सोपं."

भाभी होत्या तोवर हा माणूस माझ्याहून शिस्तीचा होता. वर्षाच्या फोल्डरात गाव, गावाच्या फोल्डरात आडनाव. माझ्याकडे नोकरीला या, असं मी त्यांना गमतीने म्हणत असे. त्या शुक्रवारनंतर मात्र त्यांचं पालुपदच बदललं. "वस्तू ठेवाची नसते सर, शोधाची असते." दुकानातही तोच कायदा लागू झाला. कात्री हातातून सुटेल तिथे पडायची, डिंकाची बाटली पाण्याच्या माठावर, चष्मा कागदांखाली. दिवसभर उचकपाचक चालायची आणि वर माझ्याकडे तक्रार, "कात्री कॉम्प्युटरात असती ना सर, तं आतालोक भेटली असती."

मी म्हणायचो, "पुस्तकाला क्रमांक असतो, क्रमांकाला कपाट असतं. हात घातला की पुस्तक."

"अन् वाचणारा येते तं काय म्हणते? लाल पुठ्ठ्याचं द्या म्हणते. काऊन सर, खोटं बोलून राह्यलो का?"

यावर मी चहा प्यायचो.

या शोधाशोधीचं कारण मला महिन्याभराने कळलं. भाभी फोटो काढू देत नसत. मतदान कार्डावर एक होता, पण त्यात त्या कोणाच्याही भाभी वाटल्या असत्या. हनीफभाई तो पाकिटात ठेवतसुद्धा नसत. "ते सरकारची शमीम आहे," म्हणायचे, "माही नाही."

त्यांची शमीम एकाच फोटोत होती. तो काढला त्या वर्षांत बीटी कपाशीचं नवनवं बियाणं बाजारात येत होतं. प्रत्येकाचं रंगीत पत्रक निघायचं आणि पत्रकावर लदबदलेल्या कपाशीत उभा असलेला एखादा शेतकरी लागायचा. फोटो काढायला हनीफभाई शेतात जात आणि भाभी सोबत जात. उन्हात टोपीची सावली शेतकऱ्याच्या तोंडावर पडते. म्हणून भाभी बाजूला उभ्या राहून एक पांढरी चादर ताणून धरायच्या, म्हणजे उजेड चादरीवरून उलटून चेहऱ्यावर पडायचा. ही त्यांची रीत. असंच एकदा काम आटोपल्यावर भाभी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून ओढणीला चिकटलेला कापूस काढत हसत होत्या. हनीफभाईंनी बटन दाबलं. भाभींनी तो आवाज ऐकला.

"मेरा क्या फोटू निकालते जी, कपास का निकालो," असं म्हणून त्यांनी तो तिथल्या तिथे मिटवायला लावला. हनीफभाईंनी "मिटवला" म्हणून सांगितलं. मिटवला नव्हता. दुकानात येऊन त्यांनी तो कॉम्प्युटरात भलत्याच नावाने ठेवला. भाभी दुपारी दुकानात बसत, माऊस त्यांनाही चालवता येई. तेव्हा नाव असं निवडलं, की त्यांना शंका येऊ नये.

"काय नाव दिलं होतं?" मी विचारलं.

"तेच तं," हनीफभाई म्हणाले. "इतकं पक्कं लपवलं सर, का माह्यापासूनही लपलं."

मी ग्रंथपालाचा उपाय सुचवला. नाव आठवत नसेल तर कपाट लावून पाहत जायचं, एकेक. त्यांनी मान हलवली. "पाहून झालं. एकेक पाहाले गेलं का मधात गेलेले मानसं भेटतात. याची पत्रिका मी केली, त्याचं पत्रक मी केलं, अन् मंग त्याचंच ते दुसरं, श्रद्धांजलीचं. त्याईले ओलांडून पुढं जाता येत नाही."

म्हणून त्यांनी शोधून देणारे प्रोग्राम गोळा करायला घेतले. खामगावचा एक दुरुस्तीवाला पेन ड्राइव्हमध्ये भरून आणायचा. प्रत्येक नव्या प्रोग्रामची आधीच्यांशी कसून तुलना व्हायची आणि त्याला एक नाव पडायचं.

पहिलं कुत्रं. ते कॉम्प्युटरसोबतच आलेलं. शोध म्हटलं की कोपऱ्यात एक पिवळं कुत्रं येऊन बसायचं आणि पुस्तक चाळायचं. हनीफभाईंचा त्याच्यावर राग नव्हता. "इमानदार आहे, पण म्हतारं झालं. वास घेते अन् तिथंच बसते."

दुसरा पोलीस पाटील. त्याला गावातलं प्रत्येक नाव तोंडपाठ. दोन अक्षरं टाइप केली, की बोट उचलायच्या आत फायलींची रांग हजर. "पण घरात काय चालू आहे ते याले इचारू नका. याले फक्त दारावरची पाटी माहीत."

तिसरं केंद्राचं पथक. ते प्रत्येक फाइलच्या आत शिरून वाचायचं. त्यासाठी दोन दिवस मशीन तापून पंखा घरघरत राहिला आणि दुसरं काही काम झालं नाही. शेवटी कळलं, की आपल्या जुन्या मराठी अक्षरांतलं त्याला काहीच वाचता येत नाही. हनीफभाई खूश झाले. "पाहा सर, नाव बराबर ठेवलं का नाही? घरोघरी गेलं, चहा पेलं, अन् समजलं काहीच नाही."

चौथा पानठेलेवाला, आणि हा त्यांचा लाडका. दोन कळा एकदम दाबल्या की पडद्याच्या मधोमध एक पट्टी उघडायची. तुम्ही पट्टीतून काय उघडता, किती वेळा उघडता, हे तो मनात ठेवायचा आणि तुम्ही एक अक्षरही टाइप करायच्या आधी नेहमीच्या फायलींची नावं पट्टीत मांडून ठेवायचा. सगळ्यात जास्त उघडलेली सगळ्यात वर. "गिऱ्हाईक रस्त्यावर दिसलं का यानं पान लावाले घेतलंच. इचारनं नाही, पुसनं नाही."

गिऱ्हाइकांना हा सगळा अभ्यासक्रम ऐकावाच लागे. नवरदेवाचा बाप घायकुतीला यायचा.

"हनीफभाऊ, पत्रिका कधी देता?"

"पत्रिका होते ना बापा. अगोदर हे पाहा, कुत्र्याची अन् पोलीस पाटलाची शर्यत लावतो."

"अहो, लग्न आहे सोमवारी!"

"मंग तं पोलीस पाटीलच जिंकते."

प्रत्येक प्रोग्रामची परीक्षा मात्र एकच. आधी ‘शमीम’ टाइप करायचं. ते नाव दिलेलं नाही, हे त्यांना माहीत असायचं. मग ‘धुरा’, ‘ओढणी’, ‘हसी’, आणि नंतर सुचेल ते. मी एकदा ‘कात्री’ सुचवलं. त्यांनी तेही टाइप करून पाहिलं.

पानठेलेवाल्याने एक गोष्ट अशी दाखवली, जी कोणी विचारली नव्हती. मे महिन्यात त्याच्या पट्टीत बियाण्याचं पत्रक वर असायचं, लग्नसराईत पत्रिकेचा नमुना. पण एका वर्षी बोंडं सडली, आणि दिवाळीनंतर श्रद्धांजलीचा नमुना वर गेला. तो खाली यायचं नाव घेईना. हनीफभाई सकाळी पट्टी उघडायचे, त्यावर नजर टाकायचे आणि पट्टी बंद करायचे.

मग मी त्यांना एक विचित्र उद्योग करताना पाहिलं. दुकानात कोणी नसताना ते लग्नपत्रिकेचा नमुना उघडायचे, बंद करायचे, पुन्हा उघडायचे, पुन्हा बंद करायचे.

"काय चाललंय?"

"पत्रिका वर आणून राह्यलो."

"त्याने काय होणार?"

"काही नाही होत, सर. पण सकाळी सकाळी पह्यलं ते पाहाले नको वाटते." आणि पुन्हा उघड, बंद. लोक म्हणत, बायको गेल्यापासून याचं डोकं फिरलं. दोन दिवस पत्रिका वर राहायची. मग कोणीतरी श्रद्धांजलीचा बॅनर सांगायला यायचं.

अशाच एका दुपारी सातपुड्याकडच्या एका गावाहून किसनराव आले. ऐंशीकडे झुकलेले. बाकावर बसले, पाणी प्याले.

"हनीफभाऊ, माह्या दिलीपचा फोटो पायजे. कापसातला. तुम्हीच काढला होता."

दिलीपला काय झालं, ते हनीफभाईंनी विचारलं नाही, मीही विचारलं नाही. त्या वर्षांत विचारायची पद्धत राहिली नव्हती.

"पत्रक आहे माह्यापाशी," म्हातारा म्हणाला, "पण त्याच्या छातीवर बियाण्याचं नाव छापेल आहे. बिना नावाचा पायजे."

हनीफभाईंनी पोलीस पाटलाला हाक दिली. बियाण्याचं नाव सोनझरी. ते टाइप केलं आणि दोन फायली आल्या. एक छापलेलं पत्रक, आणि त्याच्याखाली ‘सोनझरी मूळ’, म्हणजे कॅमेऱ्यातून जसा आला तसा फोटो. पत्रकासाठी हनीफभाई फोटोच्या नकलेच्या कडा कापून शेतकरी तेवढा ठेवत. मूळ फोटो तसाच पडून राही. एकदा पत्रक छापून गेलं, की तो पुन्हा उघडायचं काही कारण नसे.

त्यांनी तो उघडला.

छातीएवढ्या कपाशीत दिलीप उभा होता आणि मनापासून हसत होता. चेहऱ्यावर उजेड होता. तो उजेड जिथून येत होता, ती पांढरी चादर फोटोच्या डाव्या कडेला होती. चादर धरलेले दोन हात होते, आणि चादरीच्या वर ओढणी, कपाळ आणि डोळे. डोळे दिलीपकडे नव्हते. थेट कॅमेऱ्याकडे, झालं का म्हणून विचारत होते.

हनीफभाईंचा हात माऊसवर तसाच राहिला.

"हाच," किसनराव म्हणाले. मग पडद्याच्या जवळ वाकले. "अन् हे तं भाभी. मी होतो ना तिथं बांधावर. दिलीप लाजून राह्यला होता, तोंडच वर करे ना. तं भाभी चादरीमागून म्हणतात, हास ना रे, पीक तुहं आहे. तवा हासला तो."

हनीफभाईंनी पडदा थोडा किसनरावांकडे वळवला. 

"बाबा, दिलीपचा एकट्याचा काढून देऊ?" हनीफभाईंनी विचारलं.

"काऊन? राहू द्या ना तिले. तिनंच तं हासवलं."

फोटो छापून, कागदात गुंडाळून म्हातारा गेला. हनीफभाई त्याला रस्त्यापर्यंत सोडून आले आणि खुर्चीत बसले. मग बियाण्यांची नावं एकेक करून टाइप करायला लागले. ती सगळी त्यांना पाठ होती. प्रत्येक नावाखाली मूळ फोटो होता. एकात नुसती बोटं. एकात ओढणीचं टोक. एकात चादर वाऱ्याने फुगलेली आणि मागे कोणी आहे एवढंच कळणारं. चेहऱ्याचा म्हणावा असा तो एकच, दिलीपचा.

"सर," ते पडद्याकडे बघतच म्हणाले, "मी हिले दरवर्षी कापलं हो."

 मी शेजारी बसून राहिलो.

त्यानंतर त्यांनी नवा प्रोग्राम आणला नाही. खामगावचा दुरुस्तीवाला एकदा पाचवा घेऊन आला, तर त्याला चहा पाजून परत पाठवलं. धुऱ्यावरचा, हसणारा फोटो कधीच सापडला नाही. मी आठवण काढली की म्हणायचे, "असू द्या. तिनं मिटवाले सांगितला होता." कात्री मात्र तशीच हरवत राहिली.

काही पावसाळ्यांनी हनीफभाईही गेले. सकाळी दुकान उघडलं नाही म्हणून मी घरी गेलो, तेव्हा कळलं. त्यांच्या पुतण्याने सामान आवरलं. मोठं बॅनर छापायचं मशीन त्याच्याकडे होतं, हा जुना कॉम्प्युटर त्याला नको होता. "तुम्हीच घेऊन जा सर," म्हणाला. मी घेऊन आलो.

पहिल्या दिवशी सुरू केला, तेव्हा मला फक्त सभासदांची यादी करायची होती. सवय नसल्याने चुकून त्या दोन कळा दाबल्या गेल्या. मधोमध पट्टी उघडली. मी काही टाइप केलं नव्हतं. श्रद्धांजलीचा नमुना तिसरा होता. पत्रिकेचा नमुना दुसरा. पहिलं नाव होतं ‘सोनझरी मूळ’.

दुकान आता बंद आहे. कॉम्प्युटर वाचनालयात माझ्या टेबलावर आहे. माझ्या फायली मी फोल्डरात ठेवतो आणि फोल्डरातूनच उघडतो, पट्टीतून एकही उघडत नाही. त्यामुळे पट्टीत सगळ्यात वर अजून तेच नाव आहे.