गोंगाटमुक्त सभा

मुलुंड पूर्वेच्या 'स्नेहसागर' गृहनिर्माण संस्थेत तिसऱ्या मजल्यावरच्या वसुधा राण्यांच्या बाथरूमचं छत फुगलं, ही संस्थेच्या दृष्टीने नित्याची बाब होती. त्याच छताखाली त्यांच्या ऐंशी वर्षांच्या सासूबाई, रुक्मिणीबाई, स्टुलावर बसून आंघोळ करत, ही वसुधाची खासगी बाब होती. दप्तरी दोन्हींची नोंद 'किरकोळ' अशी झाली.

सभेत वसुधाने तोंड उघडलं की संस्थेच्या समितीचे सातही जण एकदम बोलू लागत, आणि त्यात तिचं छत वाहून जाई. "गोंगाट हाच मूळ रोग आहे," सचिव चंद्रप्रकाश म्हणाले. लगेच सात वायरलेस हेडफोनांचा ठराव आला. छताची दुरुस्ती अर्थातच पुढे ढकलली.

दोन सभा गुणविशेषांवर गेल्या. कान झाकणाऱ्यांत घाम येतो, म्हणून कानावर टेकणारे ठरले. गाद्या मऊ, घडी घालता येणारे. बॅटरी चाळीस तास; एवढ्यात समितीचा एक तरी विषय संपेल का, अशी शंका खजिनदारांनी काढली. पल्ला दहा मीटर, म्हणजे चहाला उठलं तरी सभा चालूच. शिवाय बाहेरचा आवाज गाळण्याची सोय.

पुढच्या सभेत सातही जण ते चढवून बसले. अध्यक्ष माइकमध्ये बोलत, बाकीचे तृप्तपणे ऐकत. वसुधा उभी राहिली.

"अहो, छताला हात जाईल एवढी भेग पडलीय!"

सातही चेहरे प्रसन्न. चंद्रप्रकाशांनी एका कानावरची गादी जरा उचलली.

"ताई, तुम्ही जोडलेल्या नाहीत ना. अर्ज करा."

"का? मी काय परकी आहे?"

"तुमचा आवाज बाहेरचा आहे. तो गाळायलाच तर हे घेतलंय!"

तिने मुकाट्याने अर्ज केला. तो ज्या रविवारी सभेपुढे आला, त्याच सकाळी छत कोसळलं. रुक्मिणीबाई टॉवेल घ्यायला बाहेर आल्या होत्या, म्हणून वाचल्या. स्टुलाचा चुरा झाला. वसुधा धुळीने माखलेली तशीच सभेत धावली, किंचाळली, टेबल बडवलं. संध्याकाळी संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इतिवृत्त आलं: 'सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.' त्याखाली बत्तीस अंगठे पडले. मेल्यांनी वाचायचेही कष्ट घेतले नव्हते.

बाई आता पोलिसांत जाईल, या धास्तीने समितीने तिला सदस्य करून घेतलं. आठवा हेडफोन आला. तिचं छत पाच मिनिटांत मंजूर झालं आणि वसुधाला समितीतली माणसं मनातून वाईट नाहीत असं प्रथमच वाटलं.

महिन्याने दुसऱ्या मजल्यावरच्या विमलाबाई सभेच्या दारात उभ्या राहून हातवारे करू लागल्या. वसुधाच्या नव्या बाथरूमचं पाणी त्यांच्या देवघरात झिरपत होतं. त्यांचे ओठ हललेले वसुधाला दिसले. तिने गादी कानावर नीट बसवली.

"ताई, अर्ज करा ना," ती गोड आवाजात म्हणाली.

त्याही सभेचं इतिवृत्त ग्रुपवर आलं. या वेळी अंगठे तेहतीस पडले. तेहतिसावा वसुधाचा. उरलेल्या बत्तिसांत तुमचा कुठला, ते जरा फोन उघडून बघा.