पटलेकाका आणि कुंडीतला जीव

पटलेकाकांच्या घरात पाऊल टाकलं की "ये, बस" असं कधी ऐकू यायचं नाही. पहिलं वाक्य एकच, "बाई, उजेड अडवू नोको!" दारात कोणी उभं राहिलं की कोपऱ्यातल्या मनीप्लांटवर सावली पडते आणि त्याला म्हणे धास्ती भरते. धास्ती वेलाला कसली भरते हो, ती काकांना भरायची. आपण आपलं भिंतीला चिकटून, खेकड्यासारखं आत सरकायचं.

गोंदियाला आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. काका शाळेत क्लार्क होते. रिटायर झाले त्या दिवशी कोणाला काय सुचलं कोण जाणे, शालीसोबत ही मनीप्लांटची कुंडी हातात दिली आणि एका भल्या माणसाच्या जिवाला कायमचा घोर लावून ठेवला. एकटा माणूस. धाकट्या भावांचं शिक्षण, त्यांची लग्नं ह्यात स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच. भाऊ तिकडे चिचगडला धानाची शेती करायचे, आणि हा थोरला इकडे खोलीत बसून पानं पुसायचा. जुन्या धोतराचा मऊ तुकडा ओला करायचा आणि लेकराचं तोंड पुसावं तसं एकेक पान पुसायचं. मनीप्लांटमागून क्रोटन आलं, मग फर्न. लग्नाला गेले तरी नवरा-नवरीकडे लक्ष नाही, मांडवातल्या कुंड्या तपासत फिरायचे.

मे महिन्यात आमच्याकडे घरातल्या भिंतीसुद्धा तापतात. काकांच्या कूलरचं तोंड मात्र झाडांकडे, आणि काका बनियनवर दुसऱ्या कोपऱ्यात घाम पुसत बसलेले. लोडशेडिंग झालं की पुठ्ठा घेऊन फर्नला वारा घालायचे. एकदा मी वैतागून म्हटलं, "काका, स्वतःला घाला की वारा!"

"मी बाहेर ओट्यावर जाऊन बसू शकतो, बाई. ते कुठं जाईन?"

घ्या!

सकाळी मी पोह्यांची फोडणी टाकली की हे माझ्या खिडकीत हजर. तळहातावर एक पिवळं पान. "हे काऊन झालं असन वं?"

"म्हातारं झालं असेल, काका."

"म्हातारं झालं म्हणून काय मरावं का?"

आणि चेहरा असा, की जणू घरातलं कोणी दवाखान्यात आहे. मला हसूही यायचं आणि रागही यायचा. पोहे करपायचे ते वेगळंच.

एके दिवशी फर्नची कुंडी उचलताना काकांच्या छातीत कळ आली. जागेवरच बसले. मी रिक्षा बोलावली आणि डॉक्टरकडे घेऊन गेले. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "पटलेजी, नस बंद हो रही है। इसी हफ्ते नागपुर जाकर ऑपरेशन करवाइए। देर की तो जान का खतरा है।"

काकांचं लक्ष कुठं? डॉक्टरांच्या टेबलावर एक सुकलेलं रोप होतं. काकांनी त्याच्या मातीत बोटसुद्धा खुपसलं होतं. "साहेब," ते कळवळून म्हणाले, "पाणी जास्त होऊन राहिलं जी. ह्याची मुळी सडून राहिली."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी खाली बघितलं.

घरी आल्यावर काका म्हणाले, "मी नाही जात नागपूरले. झाडांले कोण पाह्यन?"

माझा ताबाच सुटला. "आणि तुम्ही मेल्यावर कोण पाहील?"

बोलून गेले आणि जीभ चावली. काका बराच वेळ धोतराचा तुकडा पिळत बसले, खरं तर तो कोरडाच होता. मग किल्ली काढून माझ्या हातात दिली. "वरची माती कोरडी दिसली म्हणून पाणी देऊ नोको. बोट आत घालून पाह्य. अन् रोज येऊन घडीभर बसत जा. घर बंद राहिलं का त्यांले करमत नाही."

ऐन रोवणीचे, धानाच्या लावणीचे दिवस. पुतण्या आला, काकांना नागपूरच्या दवाखान्यात भरती केलं, स्वतःचा मोबाइल त्यांच्या उशाशी ठेवला आणि परत फिरला. त्याला तरी काय बोल लावायचा? मजूर ठरलेले, रोपं उपटून बांधीच्या, म्हणजे पाणी भरलेल्या खाचराच्या, धुऱ्यावर पडलेली. त्या दिवसांत आमच्या भागातला माणूस चिखलातून वर निघत नाही. काका मात्र घटकेघटकेला फोन करायचे. "फर्न कशी आहे? क्रोटनचं पान गळलं का?" तब्येतीचं विचारलं की "हं हं" करून पुन्हा फर्नवर यायचे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी बाजारातून आले तर काकांचं दार उघडं. आत आमचे हे! शेतावरून आले ते तसेच, पायाला चिखल, हातात बादली. आणि सगळ्या कुंड्या काठोकाठ भरलेल्या, वर पाणी उभं.

"अहो, हे काय करून ठेवलं!"

"माती पार सुकली होती. रोवणीच्या दिवसांत कोरडी माती पाहवते का?" वर तोंडावर समाधान, जणू एकराची बांधी भरून आले.

मी कुंड्या तिरप्या करते आहे, पाणी ओतते आहे, जमिनीवर चिखलच चिखल. फर्न आडवी पडलेली. उद्या ज्याचं काळीज उघडणार त्याला हे कळलं तर? आणि नेमका फोन वाजला.

"बाई, कशी आहेत?"

"मस्त आहेत, काका."

"खोटं बोलू नोको. आवाज कापून राहिला तुहा."

सांगून टाकलं. मी देवाचं नाव घेतलं. आणि काका चक्क हसायला लागले! "बांधी केली म्हण ना! धानाची माणसं आपण, पाणी उभं दिसल्याशिवाय चैन पडते का? निथळू दे. जगतीन."

एका पिवळ्या पानासाठी सुतक पाळणारा माणूस हा! मला काही समजेना. "काका, तुम्ही बरे आहात ना?"

"इथं सगळ्यांच्या खाटेजवळ कोणी ना कोणी आहे वं," ते हळूच म्हणाले. "माह्याजवळचा स्टूल बाजूवाल्याचे पाहुणे घेऊन गेले. मी म्हटलं, न्या, मले कायले लागते." मग म्हणाले, "मले भेव लागून राहिलं, बाई."

इतक्या वर्षांत हा माणूस स्वतःबद्दल एवढं बोललेला मी ऐकला नव्हता. "मी येते, काका. आत्ताच निघते."

"तू नोको येऊ. झाडांजवळ कोण राहीन?"

"हे राहतील."

"तो? तो तं बुडवून टाकन सारे!"

"बुडवू द्या, काका."

मग काकांनी विचारलं, "गाडी कितीची आहे वं?"