ठासणीच्या बंदुकीची पाहणी

ठासणीच्या बंदुकीची नळी तोंडाशी एकाच बाजूने झिजते. गज ज्या बाजूला घासत आत जातो, तिथे राधाबाईंच्या बंदुकीत ही झीज ०.३ मिलिमीटर भरली. या जातीच्या बंदुकीत दारू आणि गोळी तोंडातून घालून गजाने ठासतात. तिची किंमतही तशीच ठरते : तोंडाने, आणि ठासून.

माझे मामा, तात्या, यांना अशी बंदूक हवी होती. गिरगावातल्या चाळीच्या जागी टॉवर झाला, सतराव्या मजल्यावर जागा मिळाली आणि हॉलमध्ये नऊ फुटांची भिंत रिकामी निघाली. समोरच्यांकडे तलवार लागली होती. (समोरचे विमा कंपनीतून निवृत्त. पूर्वज कोणत्या लढाईत होते, हे तलवार आल्यानंतर ठरले.) परवान्याच्या अर्जात तात्यांनी ‘पिकाचे संरक्षण’ असे कारण दिले. पीक : तुळस एक, मिरची दोन. उपद्रवी प्राणी : कबुतर.

बंदूक लालबागला, राधाबाईंकडे होती. त्यांचे यजमान गणपत गावी ती रानडुकरांसाठी बाळगत. ते गेल्यावरही राधाबाई दर दसऱ्याला तिला झेंडूची माळ घालत. आता इमारत महिनाअखेर रिकामी करायची होती. तोवर चांगले घर मिळाले नाही, तर बंदूक पोलीस ठाण्यात जमा होणार आणि तिथून बहुधा भंगारात जाणार. एवढे एकच राधाबाईंना नको होते.

पाहणी चार रविवार चालली. समितीत तात्या, मीनाक्षीमामी, त्यांचा मुलगा अवधूत आणि शास्त्र शिकलेली म्हणून मी. (पहिले तीन रविवार माझ्याकडे पिशवी धरण्याचे काम होते.)

पहिल्या रविवारी एकूण एकवीस प्रश्न विचारले गेले. गाव कुठलं, घराणं मूळचं कुठलं, उंची किती, रंग अंगचा की पॉलिशचा, आधी कोणी बघून गेलंय का, आणि गेलं असेल तर नाही का म्हणालं. मोलाची वस्तू पारखण्याची आपल्याकडे ही एकच शास्त्रशुद्ध पद्धत आहे. ती आपण अनेक पिढ्या मुलींवर वापरून सिद्ध केलेली आहे.

“जरा खिडकीपाशी उभी करा हो,” मामी म्हणाल्या. “उजेडात कळतं.”

मग पोहे झाले. पोहे उत्तम होते. निघताना तात्या म्हणाले, “विचार करून सांगतो.”

दुसऱ्या रविवारी त्यांनी नळीच्या तोंडाला डोळा लावून आत पाहिले. मागच्या टोकाला अवधूत घोडा ओढून चाप दाबत होता. स्प्रिंग तपासण्यासाठी.

“आटे दिसतात का हो, बाबा?”

“काळोख आहे रे आत. म्हणजे माल जुना आहे!”

तिसऱ्या रविवारी हीच तपासणी पुन्हा झाली, कारण शास्त्रात प्रयोग एकदाच करून भागत नाही.

चौथ्या रविवारी गज माझ्या हातात आला. मी तो नळीत सोडला, तोंडाशी खूण केली आणि बाहेर काढून नळीलगत धरला. रिकाम्या नळीत गज तळापर्यंत जातो. हा नऊ सेंटिमीटर आधीच थांबला होता.

“म्हणजे आतून आखूड,” तात्या म्हणाले. “खोट निघाली. किंमत उतरवा.”

“म्हणजे भरलेली आहे,” मी म्हणाले.

राधाबाई बशा गोळा करत होत्या. “भरलेलीच हाय. ह्यांनी भरून ठेवलेली, डुकरासाठी. तुम्ही घराणं विचारलंत. भरलीय काय, ते कोणी विचारलंच नाय. टिकली लावलेली नव्हती, म्हणून मी पण बोलले नाय.”

(घोड्याखाली बसवतात ती टिकली. तिच्याशिवाय बार उडत नाही. मीनाक्षीमामींनी मात्र पटकन स्वतःचे कपाळ चाचपले.)

तात्या खाली बसले. पाणी प्यायले. मग त्यांनी समितीपुढे मुद्दा ठेवला, की आतली दारू किमतीत धरायची की वजा करायची. एकमत झाले नाही.

“विचार करून सांगतो,” ते उठत म्हणाले.

वाचकांनी हसण्यापूर्वी आपण स्वतः शेवटचे काय पाहून आलो ते आठवावे. जागा असेल, स्थळ असेल, नोकरीचा उमेदवार असेल. तिथे आपण किती प्रश्न विचारले आणि डोळा कोणत्या टोकाला लावला होता, तेही. उत्तर विचार करून सांगितले तरी चालेल.

चार रविवार विचार राधाबाईही करत होत्या. आमच्यापैकी कोणाच्या हे ध्यानात आले नव्हते.

“नाय देणार,” त्या म्हणाल्या. “ठाण्यात जमा करीन. पोरगी असती, तरी तुमच्या घरात दिली नसती.”