चपला उलट्या करणारे वानखेडेकाका

आमचे शेजारी वानखेडेकाका माणसाचं तोंड नंतर बघतात, आधी त्याची चप्पल उलटी करतात. टाच कोणत्या बाजूने झिजली ते बघतात आणि मालकाला दारातच फैलावर घेतात. पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमधून रिटायर झाल्यापासून अख्ख्या सेक्टर सहामध्ये त्यांचा हा एकच उद्योग.

"माप घेतलं का?" हे त्यांचं पालुपद. मी एकदा बाजारातून बुटात घालायचे तयार जेलचे पॅड आणले, तर भडकलेच. "साऱ्या दुनियेले एकच साइज? दुसऱ्याच्या नंबराचा चष्मा लावतं का बे? पायाचा ठसा घेऊन इनसोल बनवा लागते! तळव्याच्या कमानीले आधार भेटला पाहिजे!" जसा काही पॅडचा कारखाना मीच काढला होता.

पण परवा हद्द झाली. आमच्याकडे सत्यनारायण होता. आरतीनंतर पहिले पाहुणे निघाले, तर दारातल्या झाडून सगळ्या चपला उलट्या! उलटी चप्पल म्हणजे घरात भांडण, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. पूजेला आलेल्या सासूबाई तिथेच कडाडल्या. आणि काका? पायरीवर निवांत बसलेले, हातात माझ्या बायकोची चप्पल.

मी तावातावाने गेलो. "काका, काही रीतभात?"

"इची टाच आतून घासली," ते उलट माझ्यावरच डाफरले. "सकाळी दूध घ्याले येते तवा भिंत धरून चालते. मले दिसते, तुले कावून नाही दिसत?"

"दुखत असतं तर बोलली असती ना!"

"आमची घरवाली बोलली होती. मीच म्हणो, उभ्यानं काम केलं का साऱ्याईचेच दुखते." त्यांचा आवाज उतरला. "मले कंपनी मापाचे जूते देत जाय. तिचा तळवा मी कधी पाह्यलाच नाही. मंग डॉक्टरनं ठसा घेतला, इनसोल बनवले. बजारापर्यंत चालत गेली न मले म्हणे, एवढंच होतं का हो?"

ते चपलेकडेच बघत होते. "चारच महिने घातले तिनं. मंग गेली."

भांडायला आलो होतो, पण मला माझीच लाज वाटली. आत गेलो. बायको एका पायावर भार टाकून प्रसाद वाटत होती.

"टाच दुखते का वं तुझी?" मी विचारलं.

ती हातातलं ताट खाली ठेवून खुर्चीवर बसली.

"दोन साल झाले," म्हणाली.